बिबट्याच्या तालुक्यातला देव

पुण्याहून नगरच्या रस्त्याने जाताना रांजणगावचा महागणपती मागे पडला की शिरूरच्या अलीकडे कारेगाव लागते. औद्योगिक वसाहतीला चिकटलेले गाव. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली पोरे इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात, पाळ्यांवर जातात, ठेकेदाराचा फोन आला नाही की धास्तावतात. कामगारांच्या बसगाड्या, टेम्पो, रिक्षा यांची दिवसभर ये-जा असते आणि त्यांतल्या अनेकांच्या मागच्या काचेवर एकच वाक्य असते : ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.’ अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या नावाने रूढ झालेले हे वाक्य आज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर कुठल्याही ग्रंथातल्या वचनापेक्षा जास्त वाचले जात असावे. गंमत अशी की गाडी चालवणाऱ्याला ते दिसत नाही, मागून येणाऱ्याला दिसते. त्याच गाडीचा विमा उतरवलेला असतो, आत जॅक असतो, स्टेपनी असते. ही विसंगती आहे, असे काही विवेकवादी मित्र हसून सांगतात. मला ती विसंगती वाटत नाही. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके काय, याचा पत्ता त्या स्टेपनीपाशीच लागेल असे मला वाटते.

तो पत्ता शोधण्याची वेळ याच शिरूर तालुक्यावर २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात फार क्रूरपणे आली. घोड आणि कुकडी या नद्यांमधल्या पट्ट्याला इथे बेट भाग म्हणतात. पिंपरखेड, जांबूत, कवठे येमाई, टाकळी हाजी ही त्यातली गावे. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी आले, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला आणि उसाबरोबर बिबट्याही आला. आला म्हणणे तितकेसे खरे नाही. आता तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. कुत्री, शेळ्या, डुकरे हे त्याचे अन्न, आणि जंगल नावाची गोष्ट त्याने पाहिलेलीही नसते. तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो, आणि कोयता चालवणाऱ्यांना फडात पिल्ले सापडतात. त्या हंगामाच्या तोंडावर पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांच्या आत एक लहान मुलगी, एक वृद्ध बाई आणि एक तेरा वर्षांचा मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेले. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी बिबट्याला गोळी घालण्यात आली. शेतात जाणाऱ्या बायका-माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. ज्या गळ्यात मंगळसूत्र किंवा तुळशीची माळ, त्याच गळ्यात टोकदार खिळे.

अशा घराच्या ओट्यावर बसून ‘देवावर विश्वास ठेवा, भिऊ नका’ हे कोणी कसे म्हणायचे? ज्याला या विषयावर लिहायचे आहे त्याने आधी या प्रश्नाला तोंड द्यावे, मग पुढची पाने भरावीत. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण आपण सहज वापरतो. पण ती कायम वाचलेल्यांच्या तोंडी असते. जो गेला त्याच्या आईसमोर ती उच्चारून पाहा. देवाने याला तारले म्हटले की देवाने तिला तारले नाही, हे आपोआप म्हटले जाते. मग कुणीतरी हळूच विचारतो, घरात काही चुकले होते का, नवस राहिला होता का. भक्तीच्या नावाखाली दुःखितावर ठेवलेला हा आरोप आहे, आणि आपल्या गावांत तो सर्रास ठेवला जातो. बिबट्याने मान धरली कारण मूल उंचीने लहान आणि उसाच्या कडेला होते. एवढेच कारण आहे. पुण्य कमी पडले हे कारण नाही.

आपल्या भक्तिपरंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही, हे मात्र आपण विसरलो आहोत. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत होते. भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते दगडांखाली गेले. साल १३३८ असे मानले जाते. ज्याने उभा जन्म विठ्ठलावर भार टाकला, ज्याला विठ्ठलाच्या भक्तांनीच राउळाबाहेर ठेवले, त्याला विठ्ठलाने भिंतीपासूनही वाचवले नाही. एखाद्या संप्रदायाने ही गोष्ट दडवली असती किंवा तिला चमत्काराचे शेपूट जोडून मरणच पुसून टाकले असते. वारकऱ्यांनी तसे केले नाही. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ज्या अस्थींतून नाम ऐकू आले त्या चोख्याच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली, अशी कथा आहे. या कथेतला चमत्कार पाहा. तो भिंत थोपवत नाही. मेलेल्या मजुराची ओळख पुसू देत नाही, एवढेच करतो. आजही वारकरी त्या समाधीवरून पुढे जातो. भिंती पडणार नाहीत, असे वचन या देवाने कधीच दिले नव्हते, आणि त्याच्या लोकांना ते ठाऊक होते.

मग हा देव करतो तरी काय? संतकथांत तो बहुतेक वेळा कामाला लागलेला दिसतो. जनीबरोबर जात्यावर बसतो, पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडी वाहतो, दामाजीसाठी बिदरच्या दरबारात जाऊन धान्याची किंमत चुकती करतो. दळण, पाणी, देणे ही तर गरिबाच्या रोजच्या धास्तीची यादी. या कथा रचणाऱ्या आणि सांगणाऱ्या समाजाने देवाकडे संकटातून सूट मागितली नाही, सोबत मागितली. प्रल्हादाचा खांब आणि गजेंद्राचा मोक्ष आपल्याकडेही आहेत, कीर्तनात रंगतातही. पण बाईला पहाटे जात्यावर बसताना आधार वाटतो तो जनीच्या विठोबाचा.

सोबत आहे असे वाटणाऱ्या माणसाचे काय होते? तो निर्भय होतो, असे म्हणणे जरा भाबडे आहे. भीती वाटतच राहते, पण त्याचे निर्णय भीती घेत नाही. मला या लेखात एवढेच सांगायचे आहे, आणि ते आध्यात्मिक कमी, व्यावहारिक जास्त आहे. कारण भीतीने घेतलेल्या निर्णयांचा हिशेब याच मुलखात मांडलेला आहे.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे तालुके येतात. २००१ च्या सुमाराला तिथे लोकांची मागणी एकच होती : बिबटे पकडा आणि दूर नेऊन सोडा. मागणी समजण्यासारखी होती आणि वनखात्याने ती मानली. पिंजऱ्यात आलेले बिबटे लांबच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मोहीम सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. जिथे बिबटे सोडले त्या भागांच्या आसपासही हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेले, माणसाच्या हाताळणीने बिथरलेले जनावर अधिक धोकादायक ठरले, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे ज्या उपायाने लोकांना सर्वांत जास्त हायसे वाटले, त्यानेच माणसे जास्त दगावण्याची सोय केली. भीतीला उपाय नको असतो, तिला तातडीने काहीतरी घडताना दिसायला हवे असते.

आणि हे जनावरांपुरते असते तर एक वेळ चालले असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते आणि त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. चोखोबांच्या मंगळवेढ्याचे. देवाच्या नावाने झोळी पुढे करणारी माणसे, देव मानणाऱ्या गावात मारली गेली. मारणाऱ्यांना आपण लेकरांचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. ‘लेकरांची भीती’ हे कारण इतके पवित्र दिसते की त्याच्या आड कुठलेही क्रौर्य लपते. त्या दिवशी त्या जमावात एका माणसाला जरी थांबण्याइतके धैर्य असते, तर चौकशी झाली असती. एवढेच धैर्य. फार नाही.

इथे एक गोष्ट भाविकांनाच सुनावली पाहिजे. आपल्या धार्मिकतेचा मोठा भाग भरवशाचा नसून भीतीचा आहे. देव कोपेल, साडेसाती आहे, नवस फिटला नाही, अमुक शांत केली नाही तर मुलाची नोकरी जाईल. औद्योगिक पट्ट्यांत कंत्राटी कामगारांच्या खोल्यांच्या आसपास ‘सर्व समस्यांवर चोवीस तासांत उपाय’ अशा पत्रकांचा धंदा जोरात चालतो, तो याच भीतीवर. नरेंद्र दाभोलकर अखेरपर्यंत सांगत राहिले की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. २०१३ मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्याला देवावर खरोखर भरवसा ठेवायचा आहे, त्याला दाभोलकरांचे हे म्हणणे मान्य करण्यात काही अडचण येऊ नये. पाठीशी उभा असलेला देव मागून धमक्या देत नाही.

भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात केडगाव आहे. देवावर भरवसा टाकून जगणे म्हणजे काय हे ज्याला पाहायचे आहे त्याने पंडिता रमाबाईंचे केडगाव पाहावे. रमाबाईंनी या भरवशाची दोन्ही रूपे अनुभवली होती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत मुलाबाळांसह तीर्थांतून हिंडले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होते नव्हते ते दानधर्मात, अनुष्ठानांत गेले. देव प्रसन्न होईल म्हणून कुटुंब वाट पाहत राहिले. अंगमेहनतीचे काम करायला कुणी शिकलेले नव्हते आणि जातीचा अभिमान ते करूही देत नव्हता. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. हे सगळे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना राग येतो तो देवाचा नव्हे, वाट पाहायला शिकवणाऱ्या धर्माचा.

पुढे त्या कलकत्त्याला पंडिता ठरल्या, विधवा झाल्या, इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून ते पुण्याला आणले, धर्मांतराच्या आरोपांवरून पुण्यातल्या वर्तमानपत्रांशी त्यांचे वाजले. तो इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. माझ्या कामाचा भाग त्यानंतरचा आहे. अमेरिकेतल्या मित्रमंडळाने शारदा सदनाला दहा वर्षांसाठी मदत कबूल केली होती. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न होता. रमाबाई प्रार्थना करत होत्याच. शिवाय त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळझाडे लावली, बागेच्या उत्पन्नावर पुढे सदन चालेल म्हणून.

झाडे मोठी होण्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली आणि विधवा उपासमारीने आणि त्याहून वाईट रीतीने नाहीशा होत होत्या. रमाबाईंना स्वतःचे दुष्काळातले दिवस आठवले. त्या निघाल्या आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या. त्यांना खायला घालण्याइतका पैसा हाताशी नव्हता. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, नव्या मुलींना शहरात ठेवू नका असे सरकारने सांगितले, आणि हा सगळा संसार केडगावच्या माळावर गेला. तंबू, झोपड्या, मग इमारती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्ती सदन नावाच्या या वस्तीत दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. ठरलेली वर्गणी नव्हती, सरकारी अनुदान नव्हते. उद्याचे दाणे कुठून येतील हे अनेकदा ठाऊक नसे. देव देईल, यावर ते चालले होते.

पण चालले होते कसे ते पाहा. विहिरी खणल्या जात होत्या. मुली विणकाम, शेती, गुरे राखणे, छपाई शिकत होत्या. ज्या मेहनतीला आईवडिलांच्या घरात प्रतिष्ठा नव्हती, तीच रमाबाईंनी मुक्तीत प्रार्थनेच्या शेजारी आणून बसवली. आणि प्लेगच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल १८९७ मध्ये बॉम्बे गार्डियनमध्ये जाहीर पत्र लिहून त्या सरकारशीही भांडल्या. ज्या सरकारच्या धर्माशी आपला धर्म जुळतो, त्याच्याविरुद्ध लिहायला निराळे काळीज लागते. ज्याला देवाची सोबत आहे त्याला गव्हर्नरची मर्जी सांभाळावी लागत नाही, हे रमाबाईंकडून शिकावे. त्यांच्या श्रद्धेतल्या काही गोष्टी मला पटत नाहीत, विशेषतः जुन्या धर्माविषयीची त्यांची सरसकट कठोरता. पण मरणाच्या तोंडातून उठवलेल्या मुलींच्या हाती त्यांनी जप देऊन त्यांना बसवले नाही, हातमाग दिला, हे पटते. १९२२ मध्ये त्या गेल्या. मुक्ती सदन अजून चालू आहे.

आईवडिलांचा भरवसा खोटा आणि लेकीचा खरा, कारण लेकीचा देव वेगळा होता, असा अर्थ काढणे सोपे आहे आणि ते चूक आहे. हा फरक हिंदू-ख्रिस्ती नाही. रांजणगावच्या गणपतीची कथाच घ्या. त्रिपुरासुर मातला, तोही गणपतीच्याच वराने. (रक्षण करणारा आणि असुराला वर देणारा देव एकच, ही गोष्ट आपल्या कथा किती बेधडक सांगतात!) शंकर लढायला गेले आणि गणपतीचे स्मरण न करता गेले म्हणून त्यांना यश येईना. मग त्यांनी आराधना केली, आणि त्रिपुरासुर मारला. कथा सांगणारे पूर्वार्धावर भर देतात : बघा, शंकरालाही गणपती पुजावा लागला. मी उत्तरार्धाकडे लक्ष वेधतो. पूजा झाल्यावर बाण शंकरालाच सोडावा लागला. गणपतीने तो सोडून दिला नाही. अष्टविनायकाच्या बसमधून उतरून रांगेत उभ्या राहणाऱ्यांना हा उत्तरार्ध कुणीतरी सांगायला हवा. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी टिंगल म्हणून रचली. आपण ती धर्म म्हणून आचरतो, ही आपली भर.

बेट भागातल्या बाईला मग काय सांगायचे? संध्याकाळनंतर उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये, मुलांना एकटे सोडू नये, हातात काठी आणि बॅटरी असावी, चार जणांनी मिळून बोलत जावे, घराभोवती उजेड असावा. हे वनखाते सांगते आणि बरोबर सांगते. हे सगळे करून झाल्यावर दिवा लावून मळगंगेला, येमाईला हात जोडून झोपावे, असे मी सांगेन. दार लावूनही रात्रभर टक्क जागी राहणारी आई दुसऱ्या दिवशी रानात जास्त चुका करते. करण्यासारखे केल्यावर जे उरते ते आपल्या हातात नाही, ते कुणाच्या तरी हाती सोपवून झोप लागणे ही श्रद्धेची फार मोठी देणगी आहे. नास्तिक माणूसही ही झोप मिळवू शकतो, पण त्याला ती एकट्याने मिळवावी लागते.

परंतु या झोपेवर दुसऱ्या कुणी आपले काम ढकलू नये. गरिबाच्या श्रद्धेवर राज्य करणाऱ्यांचा फार जुना भरवसा आहे. लोक सोसतात, देवाचे नाव घेतात आणि पुन्हा कामाला लागतात, तेव्हा ही व्यवस्था निवांत होते. ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाशेजारी उघड्यावर असतात, मेंढपाळांचे वाडे शेतात पडतात, त्यांच्याजवळ दार नावाची वस्तूच नाही. त्यांना ‘भिऊ नकोस’ म्हणायचा अधिकार देवाला असेल, कारखान्याला नाही आणि सरकारलाही नाही. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला काळोखात, उसातून वाट काढत, मोटर चालू करायला आणि पाणी मोडायला जावेच लागते. बिबट्याशी त्याची गाठ घालून देणारे हे वेळापत्रक माणसांनी लिहिलेले आहे, त्यात दैवाचा हात नाही.

दिवसा विजेसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक शिरूरच्या शेजारी, पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला उभा राहिला. म्हणजे हे होऊ शकते, आणि हाकेच्या अंतरावर झालेले आहे. रस्ता अडवणाऱ्या बेट भागाने पुढच्या वेळी बिबट्याला दूर नेऊन सोडण्याची मागणी करू नये. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत शेतीला फक्त दिवसा वीज मिळावी आणि तोडीच्या हंगामात कोप्यांना उजेड व कुंपण कारखान्यांनी द्यावे, या दोन मागण्या कराव्यात. कारेगाव-रांजणगावच्या कामगारांनी त्यांच्यासोबत उभे राहावे. त्यांतले बरेच जण ज्या मराठवाड्यातून आले, तिथूनच कोयता घेऊन येणारी माणसे त्या कोप्यांत झोपतात.